जखम भरत का नाही? दाह, पेशींचे निरोप आणि नानांचा उजवा पाय

गोदाकाठची

मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. थोडं लांबेल, पण आपल्याकडे घरटी एक तरी साखरेचा माणूस आहे, म्हणून लिहितेच.

गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी नाना, म्हणजे माझे वडील, ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करून आले. दरवर्षी करतात. वय ६८, साखर वीस वर्षांची जुनी. गुरुवारी सकाळी आई अंथरूण काढत होती तर चादरीवर पिवळसर ओला डाग. पाय उलटा करून बघितला तर चवड्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, रुपयाएवढा फोड फुटून कातडी लोंबत होती आणि आत तांदळाच्या कणीएवढा खडा रुतलेला. तीन दिवस ते त्याच पायावर द्राक्षाच्या बागेत फिरत होते. "दुखलं असतं तर सांगितलं असतं ना," एवढंच म्हणाले.

मी त्या वाक्याने हादरले, कारण माझं पोटच या विषयावर चालतं. नऊ वर्षं पुण्यात प्रयोगशाळेत मी जखमेवर लावायच्या जेलवर काम केलं. डिशमध्ये पेशी वाढवायच्या, जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा टाकून त्यांना चिडवायचं, मग आमची जेल घालायची आणि चिडलेल्या पेशी किती शांत झाल्या ते मोजायचं. दाह म्हणजे शत्रू, तो कमी झाला की काम फत्ते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नानांच्या पायाने ते उलटंपालटं केलं.

आधी दाह म्हणजे काय ते सांगते. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात लिहून ठेवली. काटा रुतला की आपल्याला जे होतं तेच. पण हे सगळं घडवतं कोण, याचा धागा मिळाला १८८२ साली, सिसिलीतल्या मेसिना गावात. इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांकडे सूक्ष्मदर्शकातून बघत होता. त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्या पिल्लांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. शरीर स्वतःहून परक्या वस्तूवर चालून जातं, हे तिथे पहिल्यांदा असं डोळ्यांसमोर दिसलं. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. आपलं नाशिक मोगलांच्या काळात गुलशनाबाद होतं, म्हणून असेल, मला ही गुलाबाच्या काट्याची गोष्ट फार जवळची वाटते.

त्या पेशींना कळतं कसं, याचं उत्तर यायला आणखी शंभर वर्षं गेली. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं की 'टोल' नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या साध्या बुरशीने मरतात. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांना उंदरात त्याच घराण्यातला ग्राहक, म्हणजे पेशीवरचं खुणा ओळखणारं प्रथिन, सापडला, जो जिवाणूच्या आवरणाचा तुकडा ओळखतो. २०११ चं नोबेल या दोघांना आणि राल्फ स्टाइनमन यांना विभागून मिळालं. पेशीच्या दारावर हा ग्राहक बसलेला असतो. त्याला काही खटकलं की आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे निरोप तयार करायला लावतं. ते निरोप रक्तात गेले की फौज निघाली.

जखम झाल्यावर काही तासांत न्यूट्रोफिल येतात. त्या मारणाऱ्या पेशी, एकदोन दिवसांत लढून मरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मॅक्रोफेज येतात, आणि सगळी गोम इथे आहे. मॅक्रोफेज आधी लढतात. मग मेलेले न्यूट्रोफिल गिळायला लागतात. हे गिळणं हाच त्यांना मिळालेला निरोप असतो, की लढाई आटोपली, आता बांधकामाला लागा. मग त्याच पेशी आपलं वागणं बदलतात, नव्या रक्तवाहिन्या बोलावतात, कोलॅजन विणणाऱ्या पेशींना कामाला लावतात. आपण 'जखमेत मांस भरतंय' म्हणतो ते हे. चार्ल्स सेरहान यांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की दाह थांबवणारे रेणूही शरीर मुद्दाम तयार करतं, त्यातल्या काहींना रिझॉल्विन म्हणतात. म्हणजे दाह आपोआप विझत नाही, तो विझवावा लागतो, आणि त्यासाठी आधी नीट पेटावा लागतो.

कुंभमेळ्यातली पर्वणी आठवा. आधी बंदोबस्त लागतो, बॅरिकेड, पोलीस, रस्ते बंद. तो हवाच. स्नान झालं की बंदोबस्त उठतो, झाडूवाले येतात, मग दुकानं उघडतात. आता समजा बंदोबस्त उठवायचा हुकूम आलाच नाही, तर झाडणारे बाहेर, गवंडी बाहेर आणि गल्ली महिनाभर बंद. साखरेच्या माणसाच्या जखमेत हे होतं. मॅक्रोफेज लढाईच्याच रूपात अडकतात. न्यूट्रोफिल आपल्या केंद्रकातला धागा जाळ्यासारखा बाहेर फेकून मरतात. ही जाळी जिवाणूंना पकडायला असते, पण साखर वाढलेली असली की गरजेपेक्षा जास्त फेकली जाते आणि भरत्या जखमेला अडवते. शिवाय प्रथिनं कातरणारी विकरं सुटलेली असतात, ती विणलेलं कोलॅजन विणता विणताच कुरतडतात.

तर नाना. गावातल्या दवाखान्यात तीन आठवडे रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस काढून जखम धुतली आणि कोरडी गॉज लावली. फेस आला की बरं वाटतं बघणाऱ्याला. तो फेस जिवाणूंबरोबर नव्या पेशींनाही मारतो, हे मला माहीत होतं, आणि तरी मी पुण्याहून फोनवर "डॉक्टर करतायत ना" म्हणत राहिले. याची रुखरुख अजून आहे.

शेवटी शहरात एका सर्जनकडे नेलं. त्यांनी पहिल्या दिवशी कुठलंच भारी मलम दिलं नाही. ब्लेडने कडेचा पांढरा घट्टा आणि मेलेलं मांस काढलं, लाल रक्त दिसेपर्यंत. बोथट सळई घालून हाडाला लागते का ते बघितलं. एक्स-रे, डॉपलरने पायातला रक्तप्रवाह. आणि मग गुडघ्याखाली, पायाला सगळीकडून चिकटून बसेल असं प्लास्टर. मी विचारलं, जखमेला प्लास्टर? ते म्हणाले, "तुमचे वडील दिवसातून चारपाच हजार वेळा ही जखम नव्याने करतात. ते थांबवल्याशिवाय कुठलंही जेल काय करणार?"

तुमचे अनुभव लिहा. प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगते.

सातपूरकर

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

उत्सुक

ताई, फार छान लिहिलंय. आमच्याकडे कापलं की हळद दाबतात, माझी आजी अजून तेच करते. हळदीचं अमेरिकेतलं पेटंट माशेलकर सरांनी रद्द करवलं ना? म्हणजे हळदीने जखम भरते हे सिद्ध झालंच की.

गोदाकाठची

@उत्सुक, पेटंट रद्द झालं ते वेगळ्या कारणाने. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेसाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यक नियतकालिकातला लेख असे पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. वाद होता तो 'हे नवीन आहे का' एवढाच. आपल्या आज्यांना माहीत होतं, म्हणून ते नवीन नव्हतं. हळद किती चालते, कुठल्या जखमेवर चालते, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. तो विजय मोठाच होता, पण ज्याचा आहे त्याचाच मानू या.

हळदीतलं कर्क्युमिन डिशमधल्या पेशीत एनएफ-कप्पा-बी दाबतं, हे मी स्वतः करून बघितलंय. पण शंभर ग्रॅम हळदीत ते तीनेक ग्रॅम, पाण्यात विरघळत नाही, अंगात टिकत नाही आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्यांकडून खोटा 'हो' वदवून घेण्यात पटाईत. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या एका मोठ्या नियतकालिकात कर्क्युमिनवरचा सगळा अभ्यास तपासून निघाला, त्यात हेच परखडपणे मांडलंय. आजीने भाजी चिरताना कापलेल्या बोटावर चिमूटभर लावली तर तिचं बोट तसंही भरणारच आहे, निरोगी माणूस आहे. साखरेच्या पायावर, खोल जखमेत मात्र बाजारची हळद घालू नका. ती निर्जंतुक नसते, आणि रंग उठावा म्हणून काही ठिकाणी तिच्यात शिशाचं क्रोमेट मिसळलेलं सापडलंय.

निवृत्त_सिस्टर

मी ३३ वर्षं सर्जिकल आणि बर्न्स वॉर्डात काढली, त्यातली बरीच नाशकात. दोन गोष्टी लिहिते.

लोक म्हणतात जखम उघडी ठेवा, हवा लागू दे, खपली धरू दे. आम्हीही सुरुवातीला तेच शिकलो. पण १९६२ मध्येच जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं होतं की पातळ प्लॅस्टिकखाली ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने झाकली जाते. नवी कातडी कडेने सरकत येते. खपली असली की तिला खपलीखालून वाट खणत जावं लागतं. ओल असली की ती पोहत जाते म्हणा ना. ही गोष्ट वॉर्डापर्यंत पोचायला किती वर्षं लागली ते मी बघितलंय.

दुसरी गोष्ट केळीच्या पानाची. मुंबईला सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांना केळीच्या पानाचं ड्रेसिंग केलं, २००३ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. पानं पट्टीवर चिकटवून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची. त्याआधी १९८५ च्या सुमारास मुंबईतच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं होतं. ज्यांनी भाजलेल्या माणसाची गॉज काढलेली नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. कोरडी गॉज निघताना नवीन कातडी सोबत घेऊन येते. गॉज भिजवत बसायचं, पेशंट दात आवळून छताकडे बघतोय, आपण "झालं, झालं" म्हणत कोपऱ्यापासून मिलिमीटर मिलिमीटर सोडवतोय. केळीचं पान मेणचट असतं. उचललं की सुटलं. एका बाईने मला विचारलं होतं, "काढलं का? मला कळलंच नाही." मी तेव्हा साठा खोलीत जाऊन रडले होते.

गोदाकाठची

@निवृत्त_सिस्टर, मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ. आम्ही जेलच्या न चिकटण्याचं माप यंत्रावर न्यूटनमध्ये काढायचो. त्या बाईचं वाक्य हे खरं माप. आणि देशातली पहिली त्वचापेढी सायनलाच २००० मध्ये सुरू झाली, त्यामागेही डॉ. गोरेच होत्या.

निफाडचा_बागायतदार

ताई, आमच्या मनातलं लिहिलंत. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी येते आमच्याकडं. छाटणी झाली की काडीवर डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग, म्हणजे लेप लावणं, असतं. हातमोजे दिले तरी गरम होतं म्हणून काढून ठेवतात. मग बोटांची सालं निघतात, लाल चट्टे उठतात, कात्रीचे बारीक काप असतात त्यात आग आग होते. ते पण दाहच का? आणि एक, पेस्टिंगच्या दिवशी संध्याकाळी कोणी दारू घेतली की तोंड लालबुंद, छाती धडधड, ओकाऱ्या. मागं एकाला रात्री उचलून न्यावं लागलं.

गोदाकाठची

@निफाडचा_बागायतदार, दादा, हो, तोही दाहच, फक्त जिवाणूऐवजी रसायनाने पेटवलेला. पेशी फुटल्या की आतला ऐवज बाहेर सांडतो आणि तेच टोल-घराण्यातले ग्राहक त्यालाही 'संकट' म्हणून वाचतात. जंतू नसतानाही फौज निघते.

दारूचं तुम्ही अगदी बरोबर ताडलंत. सायनामाइड दारू पचवणारं एक विकर अडवतं, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड साठतं आणि तुम्ही लिहिलंत तेच होतं. पेस्टिंगच्या आधी आणि नंतर काही दिवस दारू अजिबात नको, हे टोळीच्या मुकादमाला आधीच बजावून सांगा. आणि मोजे काढतात म्हणून रागावू नका, नायट्राइलचे पातळ मोजे जास्त आणा, दर दोन तासांनी बदलायला. ओले घामट मोजे घालून कोणाला काम होणार? हात धुवायला पाणी ओळीच्या टोकाशीच ठेवा, विहिरीपर्यंत कोणी जात नाही.

कॉलेजरोड_९३

लेख आवडला, पण एक विसंगती वाटते. एकीकडे दाह हवा म्हणता, दुसरीकडे सगळे डॉक्टर, आहारतज्ज्ञ दाह कमी करा म्हणतात. हृदयविकार, संधिवात, साखर, सगळ्याचं मूळ दाह. मग सुजेवर ब्रुफेन घ्यायची की नाही?

गोदाकाठची

@कॉलेजरोड_९३, प्रश्न चांगला आहे आणि माझ्याकडे एका ओळीचं उत्तर नाही.

ॲस्पिरिन, ब्रुफेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये शोधलं, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ठणका कमी होतो, सूज उतरते. दोनचार दिवस घेतल्याने साध्या जखमेचं फारसं बिघडत नाही. स्टेरॉइडचं वेगळं, ते दीर्घकाळ चालू असतील तर जखम भरणं खरंच रेंगाळतं. ज्याला स्टेरॉइड आवश्यक म्हणून दिलेत त्याने ते मनाने बंद करायचे नाहीत, पण सर्जनला सांगायचेच.

हृदयाचं म्हणाल तर २०१७ मध्ये कँटोस ही मोठी चाचणी आली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण. त्यांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसता हा एक निरोप अडवला, तर पुढचे झटके आणि पक्षाघात मधल्या मात्रेला साधारण १५ टक्क्यांनी घटले. म्हणजे दाहाचा हात होता हे पक्कं झालं. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. निरोप अडवला की तो सगळीकडेच अडतो. धमनीतला नको असलेला आणि पायातला हवा असलेला दाह इंजेक्शनला वेगळा ओळखता येत नाही. म्हणून मला जखमेवर लावायच्या पदार्थांत एवढा रस आहे. तिथे निरोप फक्त तेवढ्या जागेपुरता बदलता येतो.

वैद्य_पंचवटी

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या, म्हणजे सुजेच्या, आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली) आणि पक्व (पिकलेली) अशा अवस्था सांगितल्यात आणि कच्च्या गळूवर शस्त्र चालवू नये, पिकलेल्याची उपेक्षा करू नये, असा स्पष्ट इशारा आहे. व्रणाचे साठ उपक्रम, म्हणजे उपचार, त्यात आहेत. ताई जे 'आधी नीट पेटावा लागतो' म्हणतात ते वाचताना हेच आठवलं. हे 'आमच्याकडे सगळं होतंच' म्हणून लिहीत नाही. रेणूंची नावं सुश्रुताला ठाऊक नव्हती. पण अवस्था बघून हात घालायचा ही शिस्त त्याची आहे, आणि आजही पायाची जखम घेऊन आलेल्याला अवस्था न बघता एकच मलम मिळतं, आमच्यातही आणि तुमच्यातही. माझ्याकडे जखमेला मध लावू का म्हणून रोज कोणीतरी विचारतं. त्याबद्दल लिहाल का?

गोदाकाठची

@वैद्य_पंचवटी, नमस्कार. तुमचं शेवटून दुसरं म्हणणं शंभर टक्के मान्य.

मधाबद्दल महाराष्ट्रातलंच काम आहे. डॉ. सुब्रह्मण्यम या सर्जनांनी १९९१ मध्ये १०४ भाजलेल्या रुग्णांवर मध आणि नेहमीचं चांदीचं मलम यांची तुलना प्रसिद्ध केली, मधाचा निकाल चांगला आला. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा मध्यम खोलीच्या भाजण्यात मधाने फायदा दिसतो असं निघालं, साखरेच्या पायाबाबत मात्र पुरावा कच्चा आहे. मध पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, हळूहळू थोडं पेरॉक्साइड सोडतो. पण वैद्यकीय मधावर गॅमा किरणांची प्रक्रिया केलेली असते, कारण साध्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. बाटलीतला खायचा मध खोल जखमेत नको.

बायोटेक_विद्यार्थिनी

ताई, मी एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट हायड्रोजेलवर आहे. आमच्या मॅडम म्हणतात 'इनर्ट', म्हणजे शरीर ज्याची दखलच घेत नाही असा, पदार्थ निवडा. तुमच्या लेखावरून वाटतं की शरीराच्या दृष्टीने इनर्ट असं काही नसतं. बरोबर का? आणि भारतात यात काम कुठे चालतं?

गोदाकाठची

@बायोटेक_विद्यार्थिनी, तू अगदी वर्मावर बोट ठेवलंस. यावर मी रात्रभर बोलू शकते.

कुठलाही पदार्थ अंगात ठेवला की आधी त्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात. पेशींना मूळ पदार्थ दिसतच नाही, ती प्रथिनांची साय दिसते. मग मॅक्रोफेज येतात, गिळायला बघतात. गिळता आला नाही तर एकमेकांत मिसळून महापेशी बनतात. तरीही जमलं नाही की भोवती कोलॅजनची भिंत घालून त्याला कोंडून टाकतात. 'इनर्ट' म्हणजे बहुतेक वेळा शांतपणे कोंडलेला. आणि शरीर नुसतं रसायन वाचत नाही, आकारही वाचतं. २०१५ मध्ये एमआयटीच्या लँगर-अँडरसन गटाने एकाच अल्जिनेटचे, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाचे, लहानमोठे गोळे उंदरांत ठेवले. अर्ध्या मिलिमीटरच्या गोळ्यांभोवती भिंत आली, दीड मिलिमीटरच्या गोळ्यांभोवती फार कमी. त्या मोठ्या गोळ्यांत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी भरल्या तर मधुमेही उंदरांची साखर सहा महिन्यांपर्यंत ताब्यात राहिली. आम्ही सगळे लहान गोळे चांगले समजत होतो!

जखमेच्या पदार्थांचा इतिहासही असाच आहे. १९८१ मध्ये जॉन बर्क हा सर्जन आणि आयोनिस यानस हा पदार्थशास्त्रज्ञ, दोघांनी गुरांचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतली एक साखर मिसळून जाळीदार पट्टा केला, वर सिलिकॉनचा पापुद्रा. भाजलेल्यांच्या अंगावर तो ठेवला की पेशी जाळीत शिरून खालची त्वचा बांधतात आणि जाळी हळूहळू विरघळून जाते. याच्या उलट उदाहरण बघ. १९९७ मध्ये अमेरिकेत मधुमेही पायासाठी वाढ-घटकाची जेल मंजूर झाली. कल्पना सुंदर, पेशींना थेट 'बांधा' असा निरोप. पण बंदोबस्त न उठलेल्या जखमेत कातरणारी विकरं तो निरोपही कातरतात. आधी मेलेलं मांस काढा, दाब काढा, मग निरोप पाठवा, हा क्रम चुकला की महागडं औषध वाया.

आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळीचा पट्टा बनवला, कोलेडर्म. २०२३ मध्ये त्याला औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत कोलॅजनवर जुनं काम आहे. तू अर्ज करायला लाग. आणि प्रोजेक्टमध्ये एक कर, पेशी 'शांत झाल्या का' एवढंच मोजू नकोस. तिसऱ्या दिवशी चिडल्या होत्या का आणि सातव्या दिवशी बदलल्या का, दोन्ही मोज. मी नऊ वर्षं फक्त पहिल्या चोवीस तासांचे आकडे काढले.

उत्सुक

आणि नानांचं पुढे काय झालं? ते लिहिलंच नाहीत.

गोदाकाठची

@उत्सुक, खरंच की.

प्लास्टर बसलं सप्टेंबरमध्ये, समोर ऑक्टोबर छाटणी. चाळीस वर्षांत नानांनी छाटणी चुकवलेली नाही. पहिल्या आठवड्यात ते माझ्याशी बोलत नव्हते. मग भावाने बांधावर खुर्ची टाकली, पाय समोर पाटावर, आणि तिथून ते ओरडून सांगायचे, "तिसऱ्या ओळीत डोळा जास्त ठेवलाय!" मजूर हसायचे, पण ऐकायचे.

हा प्लास्टरचा उपाय मधुमेहासाठी निघालेलाच नाही, हे मला तेव्हा कळलं. तो कुष्ठरोग्यांच्या पायांवरून आला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं की कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून जखमा होऊन झिजतात. पाय प्लास्टरमध्ये ठेवून त्याला विसावा दिला की त्याच जखमा भरतात. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी तेच, तसंच दुखणं न कळणाऱ्या मधुमेही पायांना लावलं. नानांचं "दुखलं असतं तर सांगितलं असतं" हे सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे.

दर आठवड्याला प्लास्टर बदलताना मी जखमेची रेघ काढून घ्यायचे. दोन पारदर्शक कागद एकावर एक, खालचा निर्जंतुक, जखमेला टेकतो तो फेकायचा, वरच्यावर मार्करने कड काढायची, घरी आलेख-कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. पहिल्या दिवशी ३.१ चौरस सेंटिमीटर. चौथ्या आठवड्यात १.४. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं तर बारा आठवड्यांत जखम भरण्याची शक्यता बरीच जास्त, असं अभ्यासातून निघालेलं माप आहे, म्हणून त्या दिवशी मी चौकोन तीनदा मोजले. अकराव्या आठवड्यात काढायला रेघच उरली नाही. नाना ते कागद द्राक्षाच्या पॅकिंगच्या पिशवीत घालून देवघरात ठेवतात.

नवीन_सभासद_सिन्नर

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या सासूबाईंच्या टाचेला तीन महिन्यांपासून जखम आहे. वय ७१, साखर आहे. दुखत नाही म्हणून आम्ही घरीच मलम लावतो. दोन दिवसांपासून वास येतोय आणि पाऊल गरम लागतं. सोमवारी दाखवू म्हणतोय, आज शनिवार आहे.

निवृत्त_सिस्टर

बाळा, सोमवारपर्यंत थांबू नकोस. वास, ऊब आणि साखर, आजच न्या. रात्र झाली तरी सिव्हिलचा अपघात विभाग उघडा असतो. पाय खाली टेकवू देऊ नका, खुर्चीवरून उचलून गाडीत बसवा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

गोदाकाठची

@नवीन_सभासद_सिन्नर, मावशी म्हणतायत ते अक्षरशः करा. ताप किंवा थंडी वाजत असेल तर पोचल्या पोचल्या सांगा. तिथे गेल्यावर तीन गोष्टी आठवणीने विचारा: हाडापर्यंत गेलंय का, पायाचा रक्तप्रवाह कसा आहे, टाचेवरचा दाब कसा काढायचा. रक्तप्रवाह कमी असेल तर आधी त्याचं बघावं लागतं. मी जागी आहे, पोचलात की इथेच लिहा.

नवीन_सभासद_सिन्नर

पोचलो. दाखल करून घेतलंय. सलाइन आणि इंजेक्शन चालू आहे. एक्स-रे झाला, हाड ठीक वाटतंय म्हणाले, उद्या डॉपलर आणि मेलेलं मांस काढणार. सासूबाई विचारतायत, प्लास्टर घातलं तर वणीला कधी जाता येईल.

गोदाकाठची

त्यांना सांगा, चैत्राला गडावर गाडीने जाऊ, आमचे नानाही येतील. आता दोघांनाही अनवाणी चालू द्यायचं नाही. उद्या डॉपलरचं काय निघालं ते कळवा.